मापाला माझंच रक्त

गेली एकोणीस वर्षं मी लोकांचं रक्त काढतो. वडगावच्या एका लहानशा लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, ते फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, मशीनला लावायचं आणि येईल तो आकडा कागदावर उतरवायचा, एवढं माझं काम. साखर, लिव्हर, किडनी, सगळ्यांचे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. आणि दीड वर्ष माझ्याच किडन्या बिघडत होत्या तेव्हा मला पत्ता लागला नाही. पत्ता लागला नाही असं म्हणणंही खरं नाही. आकडा जवळजवळ रोज डोळ्यांसमोर येत होता. मी तो मानला नाही.

किडनीच्या आजारात काय खावं आणि काय टाळावं हे तुमचे डॉक्टर सांगतील, त्यात मी पडत नाही. मी सांगणार आहे ते लॅबच्या खिडकीच्या आतल्या बाजूचं. माझ्या चुकीची शिक्षा मला एकट्याला झाली असती तर हे लिहिलंही नसतं. ती आणखी काही लोकांना झाली, आणि त्यातल्या एका बाईला भेटायला जायचं मी अडीच महिने टाळलं. मनात सलतं ते हेच.

सकाळची सवय

आमच्या मशीनची रोज सकाळी परीक्षा घ्यायची असते. त्यासाठी कंट्रोल नावाची बाटली येते. तिच्यातल्या द्रवाचा आकडा कंपनीने आधीच छापून दिलेला असतो. मशीनने तोच आकडा दाखवला की मशीन ठीक आहे असं समजायचं आणि मगच लोकांचं रक्त लावायचं. पण बाटलीत असते पावडर. ती पाण्यात विरघळवून अर्धा तास तशीच राहू द्यावी लागते. इकडे सकाळी सात वाजता आमच्या पायरीवर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. कोणी आंदर मावळातून पहिल्या एसटीने आलेलं, कोणाला कंपनीची पाळी गाठायची असते. त्यांच्यासमोर अर्धा तास बाटलीकडे बघत बसणं मला कधी जमलं नाही.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते सर म्हणायचे, "प्रकाश, आपलंच रक्त हे आपलं कंट्रोल. आपण ठणठणीत, आपला आकडा ठरलेला." ती सवय मी उचलली. सकाळी आल्या आल्या स्वतःचं थोडं रक्त काढायचं आणि सगळ्यात आधी ते मशीनला लावायचं. आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या डॉक्टर, दुपारी येतात. त्यांनी कंट्रोल रोज लावायला सांगितलं होतं. मी सोमवारी लावायचो, बाकी दिवशी मीच कंट्रोल. माझं क्रिएटिनिन कित्येक वर्षं शून्य पॉइंट नऊ. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठणारा कचरा, किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की हा आकडा चढतो. माझा कधी चढायचा नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा ताठाही होता.

एका दिवाळीनंतर तो एक पॉइंट एक आला. मग एक पॉइंट दोन, मग एक पॉइंट तीन. मी म्हटलं, मशीन वर पळतंय. मशीनमध्ये एक गुणक असतो, त्याने गुणून आकडा पडद्यावर येतो. तो गुणक मी थोडासा खाली आणला. माझा आकडा पुन्हा एकच्या आसपास आला आणि मी समाधानाने लोकांचं रक्त लावायला घेतलं. महिन्याभराने परत तेच. मी परत गुणक खाली आणला.

सोमवारी कंट्रोल लावलं की आता त्याचा आकडा कमी यायचा. मी म्हणायचो, रात्री लाईट गेली असणार, फ्रिज बंद पडला, बाटली खराब झाली. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जातेच, त्यामुळे कारण कायम तयार असायचं. लोकांचे आकडेही खाली आले होते. पण कमी आलेल्या आकड्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. डॉक्टर खूश, पेशंट खूश, आणि मी तर काय, मशीनला वठणीवर आणलं म्हणून खूशच.

त्याच काळात रोज सकाळी माझं डोकं मागच्या बाजूने ठणकायचं. मी राहतो लोणावळ्याजवळ वलवणला, तिथून मोटारसायकलवर येतो. हेल्मेट घट्ट आहे, असं मी ठरवून टाकलं. शेजारच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, आधी एक, मग दिवसाला दोन. माझी बायको सुजाता लोणावळ्यात एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. चादरीवरचा डाग तिला दारातूनच दिसतो, मग नवऱ्याचा सुजलेला चेहरा कसा सुटेल? ती म्हणायची, "एवढ्या लोकांचं बघता, एकदा स्वतःचं बीपी मोजायला काय होतं?" मी म्हणायचो, "अगं, मी रोज माझं रक्त तपासतो. माझ्याइतकी तपासणी तालुक्यात कोणाची होत नसेल."

हौसामावशी

आमच्याकडे एक रीत आहे. रिपोर्टचा कागद डॉक्टरसाठी असतो, पण निकाल लोक रक्त काढणाऱ्याच्या तोंडून ऐकतात. डॉक्टरकडे गर्दी असते, त्यांचं बोलणं भरभर. म्हणून बाया-माणसं खिडकीशी थांबतात, कागद माझ्याकडेच परत सरकवतात आणि विचारतात, कसं आलंय? खरं तर मी सांगायला नको. पण ओळखीच्या माणसाला "डॉक्टर सांगतील" म्हणून वाटेला लावणं मला माणूसघाणेपणाचं वाटायचं. शिवाय माझ्या एका शब्दाने चेहरा उजळलेला बघायला मला आवडायचं.

हौसामावशी टाकव्याच्या पुढच्या डोंगराकडच्या एका गावातली. भाताची खाचरं, दोन म्हशी, आणि घरात ती एकटीच. गुडघ्यांनी बेजार झालेली. त्या पावसाळ्यात पाय सुजले म्हणून डॉक्टरांनी तिला किडनीची तपासणी लिहून दिली होती. तिचा आकडा आला एक पॉइंट एक.

"परकास, कसं आलंय रं?"

"मावशी, किडनी एकदम चांगली आहे."

"डाक्टर म्हनलं हुतं, रगत बघून मंग गुडग्याच्या गोळ्यांचं सांगतो. त्यांच्याकडं आता लय गर्दी हाय आन् माजी एसटी जायाची. घिऊ का गोळ्या?"

मी कागदाकडे परत एकदा बघितलं आणि म्हणालो, "घ्या की. रिपोर्ट चांगला आलाय."

शेजारच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेऊन ती तशीच एसटीला गेली. डॉक्टरांकडे गेलीच नाही.

निदानाचा दिवस

पुढच्या उन्हाळ्यात तळेगावच्या एका डॉक्टरांचा मॅडमना फोन आला. त्यांच्या पेशंटचं क्रिएटिनिन आमच्याकडे एक पॉइंट तीन होतं, आणि दोनच दिवसांनी पुण्याच्या लॅबमध्ये दोन पॉइंट एक. मॅडम थेट मशीनपाशी येऊन बसल्या. त्यांनी कंट्रोलचा नवा डबा फोडला, बाटली भिजवली आणि अर्धा तास खरोखर वाट बघितली. आकडा कमी आला. दुसरी बाटली. तेवढाच कमी.

"गुणक कोणी बदलला?"

"मी, मॅडम. मशीन वर दाखवत होतं."

"वर दाखवतंय हे कशावरून ठरवलं?"

"माझं रक्त लावून."

त्यांनी गुणक मूळ जागी आणला आणि कंट्रोल पुन्हा लावलं. छापलेला आकडा बरोबर आला. मग त्या म्हणाल्या, "सकाळचं तुमचं सॅम्पल आहे का अजून?" मी नळी आणून दिली. त्यांनी ती स्वतः लावली. पडद्यावर एक पॉइंट नऊ आलं.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "बघा मॅडम, परत वर गेलं." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मला बसवलं आणि माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. एकशे ऐंशीच्या वर. मशीन पहिल्यापासून बरोबर होतं. चढत होतो तो मी.

वॉर्डातले आठ दिवस

तळेगावला मला भरती केलं. किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, मुळात बीपी, आणि त्यावर दुखण्याच्या गोळ्यांचा मारा. किडनीची निम्म्याहून जास्त ताकद गेली आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मीही शांतपणे मान हलवली, आणि ते पुढच्या खाटेकडे गेल्यावर निम्म्यातून किती उरतं ते बोटांवर मोजत बसलो.

सकाळी सहाला एक मुलगी रक्त काढायला यायची. एकोणीस वर्षांत मी सुईच्या या बाजूला कधी नव्हतो. तिने पट्टा फार घट्ट बांधला तरी मी काही बोललो नाही. संध्याकाळी मात्र राहवायचं नाही. "ताई, आकडा काय आला?" ती म्हणायची, "डॉक्टर राउंडला सांगतील, काका." मला तिचा राग यायचा. एकाच धंद्यातली माणसं आपण, एक आकडा सांगायला काय जातं? सांगायला काय जातं हे कळायला मला पुढे तीन महिने लागले.

खालच्या मजल्यावर डायलिसिसचा विभाग होता. सोनोग्राफीला नेताना चाकाची खुर्ची त्या दारावरून जायची. आत ओळीने खाटा, माणसं छताकडे बघत पडलेली. मी मान दुसरीकडे फिरवायचो. माझ्या हाताखालून किती चढलेले आकडे गेले होते, आणि आकड्याच्या पुढे ही खोली असते हे मी कधी बघायला आलो नव्हतो.

सुजाता रोज ड्युटी संपवून यायची. "मी सांगत होते" हे वाक्य तिने दोन दिवस गिळलं, हे तिचे मोठे उपकार. तिसऱ्या दिवशी ते बाहेर पडलं. आळणी भाजीचा डबा टेबलावर आपटून ती म्हणाली, "तुम्ही त्या मशीनचंसुद्धा ऐकलं नाहीत, माझं काय ऐकणार?" मग खिडकीशी जाऊन रडली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी कूस बदलून आम्हाला पाठ केली, तेवढाच एकांत. घरी बुद्धमूर्तीपुढे ती त्या दिवसांत रोज मेणबत्ती लावत होती, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. स्वतः ती कधी बोलली नाही.

फोन

मॅडमनी गुणक बदलल्यापासूनच्या सगळ्या नोंदी काढल्या. ज्यांचे आकडे खरे धरले तर काळजीचे ठरत होते असे चौदा जण निघाले. मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाला बोलवा. आपली चूक झाली असं स्पष्ट सांगा आणि परत तपासा." फोन मी करतो म्हणालो. घरी पडूनच होतो, तेवढं तरी आपल्या हातून व्हावं.

पहिला फोन लावला आणि पलीकडून हॅलो ऐकल्यावर माझ्या तोंडून निघालं, "मशीनमध्ये जरा बिघाड होता." माणूस म्हणाला, "असं होय, येतो." किती सोपं गेलं ते. मग बाकीच्यांनाही तेच सांगितलं. तेराजण आले. बहुतेकांचं वेळेत सापडलं होतं, त्यांची औषधं सुरू झाली. दोघातिघांनी तर फोन केल्याबद्दल माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

चौदावी हौसामावशी. तिच्या नावापुढे लिहिलेला नंबर गावच्या फाट्यावरच्या दुकानदाराचा होता. त्याला दोनदा निरोप दिला. "सांगतो," म्हणाला. ती आली नाही. एवढ्या काळात मी तिच्याकडे स्वतः जाऊ शकत होतो. पहिले काही दिवस अंगात ताकद नव्हती, हे खरं. पण नंतर मी कामावर जायला लागलो होतो. वलवण ते वडगाव रोज गाडी चालवत होतो आणि टाकव्याचा रस्ता मात्र मला लांब वाटत होता. पाऊस आहे, गाडी घसरेल, एसटी बंद असेल. निरोप दिलाय म्हणजे आपलं काम झालं. फ्रिज बंद पडला असेल, बाटली खराब झाली असेल, याच चालीवर मी स्वतःला समजावत होतो.

एक दिवस सुजाताने विचारलं, "त्या मावशी आल्या का?" मी म्हणालो, "निरोप दिलाय." तिने गाडीची किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढली.

टाकव्याच्या पुढे

खाचरांत भात हिरवागार उभा होता. फाट्यावर गाडी लावली, रक्त घ्यायच्या सामानाची पिशवी खांद्याला अडकवली आणि वरची वाट चालत गेलो. पूर्वी अशी चढण मी बोलत बोलत चढायचो, आता तीन ठिकाणी बसावं लागलं. मावशी गोठ्यापाशी बसली होती. मला बघून उठायला लागली आणि पुन्हा खाली बसली. पाय चांगलेच सुजलेले होते, चेहराही.

"परकास? तू रं हितं कुटं?"

"दुकानदाराने निरोप नाही दिला का, मावशी?"

"दिला की. म्हनला, लॅबात बोलावलंय. म्या म्हनलं, माजं तर चांगलं आलंय, मला कशापायी बोलावत्यात? भलतीच कोन हौसाबाई आसंल."

मी तिला म्हणालो, "मावशी, तुमचा तो रिपोर्ट चुकला होता. मशीन बिघडलं होतं."

ती म्हणाली, "मशिनीला म्या कुटं इचारलं हुतं? तुला इचारलं हुतं."

मी खाली बसलो. बाकीच्या तेरा जणांना जे सांगितलं नव्हतं ते तिला सगळं सांगितलं. मशीन चांगलं होतं. मी रोज माझं रक्त माप म्हणून लावत होतो. माझा आकडा चढला तसं मी मशीनला खाली ओढलं, आणि त्याबरोबर तुमचा आकडाही खाली आला. माझ्या किडन्या बिघडल्यात, तुमच्याही तेव्हाच बिघडलेल्या असणार. गोळ्या घ्या असं मी सांगायला नको होतं, तो माझा अधिकार नव्हता. मी आधीच यायला हवं होतं, तेही भीतीपोटी आलो नाही. म्हैस मान वळवून बघत होती.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग गोठ्याच्या कुडाकडे बघत म्हणाली, "मंजी तू सोता आजारी. आन् आमाला समद्यांना तुज्या मापानं बरं म्हनत हुतास."

"व्हय, मावशी."

"मंग तुला बरं कोन म्हनत हुतं?"

"मीच."

तिने मान हलवली. गोळ्या अजून घेते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "रोज दोन. तू घ्या म्हनलास त्या दिसापासनं." मग तिने बांगड्या मागे सारल्या आणि हात माझ्यापुढे धरला.

"घे रगत. पन ह्या येळंला आकडा तू नगं सांगूस. बाईंना सांगू दी."

त्या दुपारी लॅबमध्ये येऊन मी कंट्रोल भिजवलं, अर्धा तास थांबलो, आकडा जुळल्यावर मावशीचं रक्त लावलं. तीन पॉइंट चार आलं. मी तो आकडा कागदावर उतरवला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशी पुतण्याबरोबर आली. मॅडमनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही.

मावशीच्या गोळ्या बंद झाल्या, किडनीच्या डॉक्टरांकडे तिचं नाव लागलं. वर्षभरात कदाचित डायलिसिस करावं लागेल, असं ते म्हणतात. माझा आकडा औषधांवर एक पॉइंट आठला टिकून आहे. आता माझं रक्त मी लॅबमध्ये लावत नाही, तळेगावला जाऊन देतो. उरलेल्या तेरा जणांनाही मी एकेक करून खरं सांगितलं. दोघांनी आमच्याकडे येणं बंद केलं. त्यांचं काही चुकलं नाही.

हौसामावशी दर महिन्याला येते. पहिल्या एसटीने येते, पायरीवर बसते, नंबर आला की आत येऊन हात माझ्याकडे देते. म्हशीचं, पावसाचं, सुजाताचं विचारते. मी शीर शोधतो, रक्त घेतो, कापूस लावतो. कापूस दाबून धरत ती उठते आणि मॅडमच्या दाराशी जाऊन बसते. कसं आलंय, असं तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही.